आधी कोण, मग कोण?

केंब्रिज विद्यापीठाच्या मॅथेमॅटिकल लॅबोरेटरीत 6 मे 1949 रोजी एडसॅक हा संगणक पहिल्यांदा चालला. पुढे त्याच्या दिमतीला एक लोखंडी कपाट आलं. कपाटात कागदी फितींच्या छोट्या गुंडाळ्या होत्या आणि प्रत्येक फितीवर भोकं पाडून लिहिलेलं एकेक तयार काम होतं. एकीवर वर्गमूळ काढायची कृती, दुसरीवर साइन-कोसाइन, तिसरीवर आकडे नीट रकान्यांत छापायची. या तयार कामांना सबरूटीन म्हणत. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हव्या त्या फिती काढायच्या, यंत्रावर त्यांची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यायची आणि मूळ फिती जागच्या जागी ठेवायच्या. 1951 पर्यंत या कपाटात 87 सबरूटीन जमल्या होत्या. त्याच वर्षी मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅम कसे लिहावेत या विषयावरचं ते पहिलं पुस्तक मानलं जातं.

सबरूटीन म्हणजे उसनी आणलेली कारागिरी. ती वापरायची तर पहिली अडचण परतीच्या वाटेची. एकाच प्रोग्रॅममध्ये वर्गमूळ तीन ठिकाणी लागलं, तर काम झाल्यावर यंत्राने परत कुठे जायचं? विशीतल्या व्हीलरने यावर तोड काढली. सबरूटीनकडे जाताना मूळ प्रोग्रॅमने आपला पत्ता सोबत न्यायचा आणि सबरूटीनने पहिल्याच पायरीत, त्या पत्त्यावर परतण्याचा हुकूम स्वतःच्या शेवटच्या ओळीत लिहून टाकायचा. ही युक्ती ‘व्हीलर जंप’ या नावाने इतिहासात गेली.

परतीचा प्रश्न सुटला, तरी आधी काय हवं हा प्रश्न तसाच राहिला. छापण्याच्या सबरूटीनला भागाकाराची सबरूटीन लागत असेल, तर भागाकाराची फीत उतरवून घेतली का? ती स्मृतीत कुठून सुरू होते? सुरुवातीला एडसॅकची स्मृती जेमतेम 512 शब्दांची होती, त्यामुळे सगळं कपाट एकदम आत ओतणं शक्य नव्हतं. लागेल तेवढंच घ्यायचं आणि ज्याला जे लागतं ते त्याच्यासोबत घ्यायचं. कोण कोणावर अवलंबून आहे हे ध्यानात ठेवणं माणसाकडे होतं. पुढच्या तीसेक वर्षांत हे काम माणसाच्या डोक्यातून यंत्राकडे कसं गेलं आणि त्यातला कोणता भाग शेवटपर्यंत माणसाकडेच राहिला, त्याची ही हकिगत आहे.

हॉपरबाईंचा बास्केटबॉल

अटलांटिकच्या पलीकडे, फिलाडेल्फियात, ग्रेस हॉपर युनिव्हॅक या संगणकावर काम करत होत्या. सबरूटीनची नक्कल करताना माणसं चुका करतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून प्रत्येक सबरूटीनला त्यांनी एक क्रमांक दिला आणि सगळ्या सबरूटीन चुंबकीय फितीवर ठेवल्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फक्त क्रमांक लिहायचे. त्या सबरूटीन शोधणं, एकापुढे एक मांडणं आणि त्यांच्यातले पत्ते जुळवणं हे यंत्राने करायचं. 1952 च्या सुमाराला आकाराला आलेल्या या प्रोग्रॅमचं नाव ए-झीरो. हॉपरबाई त्याला कंपायलर म्हणत.

त्यांना प्रोग्रॅम एकाच फेरीत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, जुळवायचा होता. मागे उडी मारायची असेल तर अडचण नव्हती, कारण मागचा भाग कुठे ठेवला हे यंत्राला माहीत असे. पुढे उडी मारायची असेल तर मात्र पंचाईत. जो भाग अजून मांडलेलाच नाही त्याचा पत्ता देणार कोण?

याचं उत्तर त्यांना कॉलेजातल्या बास्केटबॉलने दिलं. 1978 मध्ये प्रोग्रॅमिंग भाषांच्या इतिहासावरच्या परिषदेत त्यांनीच हे सांगितलं. त्यांच्या काळी मुलींच्या खेळात हातात चेंडू घेऊन पाऊल टाकायची मुभा नव्हती. बास्केटखाली पोचायचं तर चेंडू मैत्रिणीकडे टाकायचा, आपण पुढे धावायचं आणि तिने तो आपल्याकडे परत फेकायचा. हॉपरबाईंनी स्मृतीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आली की यंत्र तात्पुरतं त्या कोपऱ्यातल्या एका जागेचा पत्ता लिहून पुढे सरके. जुळवाजुळव करत ते त्या पुढच्या भागापाशी पोचलं की कोपऱ्यातल्या त्याच जागेत खरा पत्ता टाकी. अजून न आलेल्या गोष्टीवर आज अवलंबून राहायचं कसं, या प्रश्नाचं हे बहुधा पहिलं यांत्रिक उत्तर. तरीही सबरूटीन कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे ठरवणं अजून माणसाच्याच हाती होतं.

पाणबुडी आणि बाणांचं जाळं

क्रम लावण्याचं काम यंत्राला द्यायची निकड प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या आधी अमेरिकेच्या नौदलाला भासली. ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि पाणबुडीतून डागायच्या पोलारिस क्षेपणास्त्राची घाई सुरू झाली. शेकडो कंत्राटदार, हजारो कामं, आणि प्रत्येक काम दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी अडलेलं. अॅडमिरल विल्यम रेबर्न यांच्या कचेरीत विलर्ड फेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये यासाठी एक पद्धत बसवली. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी जिची गणितं परीक्षेत सोडवली, तीच ही पर्ट. जवळपास त्याच वेळी ड्यू पाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांची कामं आखण्यासाठी तिची जुळी बहीण घडवली. ती सीपीएम.

दोन्हींत कागदावर बाणांचं जाळं काढायचं. या टप्प्याकडून त्या टप्प्याकडे बाण, म्हणजे हा गाठल्याशिवाय तो गाठता येणार नाही. यात महत्त्वाचा क्रम आणि अवलंबून असण्याचा क्रम यांची गल्लत चालत नाही. तानाजीने रायबाचं लग्न मागे ठेवलं ते कोंडाण्याचं मोल मोठं म्हणून. गड ताब्यात आल्याखेरीज अक्षता पडूच शकत नव्हत्या, असं काही नव्हतं. पर्टमधला बाण मात्र पडूच शकत नाही असाच असतो. इंजीन बसवल्याशिवाय त्याची चाचणी होत नाही, मग चाचणी कितीही तातडीची असो.

20 जुलै 1960 रोजी जॉर्ज वॉशिंग्टन या पाणबुडीने पाण्याखालून पोलारिस डागलं आणि पर्टचा जगभर बोलबाला झाला. या यशात पर्टचा खरा वाटा किती यावर पुढे वाद झाले. हार्वी सापोल्स्की यांनी 1972 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की वरिष्ठांची आणि अमेरिकी काँग्रेसची ढवळाढवळ टाळायला या पद्धतीचा दबदबा फार उपयोगी पडला. प्रत्यक्ष कामाचं श्रेय तिला तितकं जात नाही.

संगणकापुढे मात्र तिने खरा पेच टाकला. तेव्हाचा संगणक कामांची यादी फितीवरून ओळीने वाचे आणि वाचता वाचता तारखा काढत जाई. एखादं काम त्याच्या आधीच्या कामाच्या अगोदर आलं तर सगळा हिशेब चुके. म्हणून प्रत्येक टप्प्याला असे क्रमांक द्यावे लागत, की बाण नेहमी लहान क्रमांकाकडून मोठ्याकडे जाईल. मधेच नवं काम घुसवलं की क्रमांकांची घडी विस्कटे. शिवाय कुठे तरी अ हा ब-वर, ब हा क-वर आणि क पुन्हा अ-वर अवलंबून असं चक्र नकळत तयार झालं असेल, तर ते हजारो बाणांत शोधायचं कसं? व्हर्जिनियात डालग्रेनला नौदलाच्या प्रयोगशाळेत एम. पी. जार्नागिन यांनी 1960 मध्ये या तपासणीची यांत्रिक पद्धत लिहिली. 1961 मध्ये डॅनियल लासर यांनी वेडेवाकडे क्रमांक असलेल्या जाळ्याचा क्रम लावण्यावर लेख प्रसिद्ध केला.

कान यांची पाच पानं

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 1962 मध्ये, ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात पाच पानांचा लेख आला. लेखक ए. बी. कान हे बाल्टिमोरच्या वेस्टिंगहाउस कंपनीतले. 30,000 कामांचं पर्ट-जाळं आयबीएम 7090 या संगणकावर तासाभराच्या आत ओळीने लावता येतं, असा त्यांचा दावा होता. कृती इतकी सोपी होती, की आज कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ती शिकवतात.

पगारपत्रकाचा प्रोग्रॅम घेऊ. त्यात सहा सबरूटीन आहेत. हजेरी वाचणं, एकूण पगार काढणं, आयकर काढणं, भविष्य निर्वाह निधीची कपात काढणं, हातात पडणारी रक्कम काढणं आणि स्लिप छापणं. प्रत्येकीपुढे ती किती जणींसाठी अडली आहे तो आकडा लिहायचा. हजेरी कुणासाठीच अडलेली नाही, म्हणून शून्य. एकूण पगाराला हजेरी लागते, म्हणून एक. कर आणि निधी दोघांना एकूण पगार लागतो, म्हणून एकेक. हातातल्या रकमेला एकूण, कर आणि निधी असे तिन्ही लागतात, म्हणून तीन. छपाईला हातातली रक्कम लागते, म्हणून एक.

आता शून्यवालीला बाहेर काढायचं आणि तिच्यासाठी अडलेल्यांच्या आकड्यांतून एक वजा करायचा. हजेरी गेली, तसं एकूण पगारापुढे शून्य आलं. तो गेला, तसे कर आणि निधी दोन्ही शून्यावर आले आणि हातातल्या रकमेचे तीनाचे दोन झाले. कर आधी काढा की निधी, काही बिघडत नाही. दोन्ही क्रम बरोबरच. ते दोन्ही गेले की हातातली रक्कम शून्यावर येते आणि तिच्यामागून छपाई. बस्स, क्रम लागला.

समजा कुणी चुकून लिहिलं, की कर काढायला हातातली रक्कम लागते. मग कराचा आकडा दोन होतो. हजेरी, एकूण पगार आणि निधी बाहेर पडतात आणि गाडी थांबते. कर, हातातली रक्कम, छपाई, तिघांपुढे एकेक आणि शून्य कुणापुढेच नाही. चक्र सापडलं. छपाईचा त्यात दोष नाही, ती बिचारी चक्रामागे अडकलेली. पण जे उरलं त्यातच घोटाळा आहे, हे यंत्राने वेगळी मेहनत न करता दाखवून दिलं. शिवाय प्रत्येक कामाला आणि प्रत्येक बाणाला एकेकदाच हात लागतो. कामं आणि बाण दुप्पट झाले तर वेळही साधारण दुप्पट, त्याहून जास्त नाही.

चक्र नसेल तर असा क्रम नक्की लागतोच, याचा गणिती पाया वॉर्साच्या एडवर्ड श्पिलरायन यांनी 1930 मध्येच घातला होता. कुठलाही अर्धवट क्रम पूर्ण क्रमापर्यंत वाढवता येतो, अगदी गोष्टी अनंत असल्या तरी, असं त्यांनी सिद्ध केलं. पुढे नाझींपासून लपून राहताना त्यांना दुसरं नाव घ्यावं लागलं आणि युद्धानंतर त्यांनी तेच नाव ठेवलं. गणिताच्या इतिहासात ते मार्चेव्स्की म्हणूनही भेटतात. त्यांचं प्रमेय आणि कान यांची कृती यांची गाठ पडली ती क्षेपणास्त्राच्या निमित्ताने. 1968 मध्ये डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात या विषयाला स्वतंत्र जागा दिली आणि ‘टोपोलॉजिकल सॉर्ट’ हा संगणकशास्त्राचा नेहमीचा धडा झाला.

बेल लॅब्जमधली सकाळ

सबरूटीनच्या कपाटाकडे हा धडा परतला तो न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये, युनिक्स या संगणक-प्रणालीच्या जन्मघरी. युनिक्समध्ये सबरूटीन फितींवर नव्हत्या, एका संग्रह-फाइलमध्ये एकापाठोपाठ ठेवलेल्या असत. प्रोग्रॅमला त्या जोडून देणारा लिंकर हा संग्रह फक्त एकदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचे. वाचताना प्रत्येक सबरूटीनपाशी एकच विचार करी. या घडीला कुणी हिची मागणी केली आहे का? असेल तर घे, नसेल तर सोडून पुढे चल.

यात गोची अशी. प्रोग्रॅमने ‘स्कॅनएफ’ ही सबरूटीन मागितली आणि स्कॅनएफला आतून ‘रीड’ लागते. संग्रहात रीड आधी असेल तर लिंकर तिच्यापाशी येतो तेव्हा तिची मागणी कुणीच केलेली नसते, म्हणून तो पुढे जातो. मग स्कॅनएफ घेतो, ती रीड मागते आणि रीड तर मागे राहिली. लिंकर मागे वळत नाही. प्रोग्रॅम अपुरा राहतो आणि रीड सापडत नाही अशी तक्रार येते, फाइल तर डोळ्यांसमोर आहे!

म्हणून संग्रह बनवतानाच मागणारी आधी आणि पुरवणारी नंतर, असा क्रम लावावा लागे. त्यासाठी दोन छोटे प्रोग्रॅम होते. ‘एल-ऑर्डर’ सगळ्या फाइली चाळून कोण कुणाला हाक मारतं त्याच्या जोड्या छापे. ‘टी-सॉर्ट’ त्या जोड्या घेऊन सरळ यादी काढी आणि त्या यादीने संग्रह भरला जाई. टी-सॉर्टला सबरूटीन म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. त्याला शब्दांच्या जोड्या द्या, तो ओळ लावून देई. 1980 च्या सुमाराला संग्रहाच्या तोंडाशीच सबरूटीनची सूची ठेवायची सोय झाली, लिंकरला हवी ती सबरूटीन शोधता येऊ लागली आणि या जोडगोळीची गरज सरली. तरी टी-सॉर्ट आजही जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये आहे.

त्याच इमारतीत 1976 मध्ये दुसरी गोष्ट घडली. स्टीव्ह जॉन्सन हे नावाजलेले प्रोग्रॅमर, याक या प्रसिद्ध साधनाचे कर्ते. एके दिवशी ते नशिबाला शिव्या घालत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले. सगळी सकाळ त्यांनी एका प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवली होती आणि प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच. ती त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायची, राहिली होती. लिंकरने जुना, चुकीचा तुकडाच जोडला होता. म्हणजे चालत होता जुना प्रोग्रॅम आणि जॉन्सन वाचत होते नवा.

फेल्डमन यांची आदली संध्याकाळ याच भानगडीत गेली होती. ते शिक्षणाने खगोलभौतिकी आणि उपयोजित गणिताचे, पुढे फोरट्रान-77 या भाषेच्या पहिल्या कंपायलरचे कर्ते. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात मोठी योजना होती. सगळे प्रोग्रॅम वाचून कोण कोणावर अवलंबून आहे हे आपणहून हुडकून काढणारं साधन करायचं. मग त्यांनी ती छाटत छाटत फार साधी केली आणि त्याच शनिवार-रविवारी ‘मेक’ तयार झालं.

मेकमध्ये माणसाने एका फाइलीत फक्त नाती लिहायची. डावीकडे जे बनवायचं ते, मग अपूर्णविराम, मग ज्यांच्यापासून बनतं ती नावं. खालच्या ओळीत ते बनवायचा हुकूम. नात्यांच्या ओळी कुठल्याही क्रमाने लिहा. ‘मेक’ असं टंकलं की यंत्र शेवटच्या वस्तूपासून उलट चालत मुळापर्यंत जातं आणि प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहतं. कच्चा माल तयार मालापेक्षा नवा असेल तरच तो हुकूम चालवायचा. त्या काळच्या पीडीपी-11 संगणकावर सगळं पुन्हा कंपाइल करणं म्हणजे बराच वेळ बसून राहणं. बदललेलंच तेवढं आणि नेमक्या क्रमाने बनवून मिळू लागलं. जॉन्सन यांच्यासारखी सकाळ आता टळू शकत होती.

या घाईत एक खोड कायमची राहून गेली. हुकमाची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत आणि पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. फेल्डमन यांना ही चूक लवकरच कळली. पण तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांच्या फाइली मोडायला त्यांचं मन धजेना. तो डझनाचा आकडा पुढे लाखोंत गेला आणि पुण्या-बंगळूरपासून पालो आल्टोपर्यंत नवखे प्रोग्रॅमर आजही त्या टॅबला ठेचकाळतात. 2003 मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने मेकसाठी फेल्डमन यांना सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार दिला.

हिशेबनिसांचा खटला

प्रोग्रॅमरांच्या जगाबाहेर हाच पेच दोन तरुणांना आधीच पडला होता. रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ हे दोघे हार्वर्डचे पदवीधर. 1969 मध्ये त्यांना कंपन्यांच्या अंदाजपत्रकांतली कटकट दिसली. तेव्हा अंदाजपत्रकाची सूत्रं प्रोग्रॅमर फोरट्रानमध्ये, चालायच्या क्रमाने, लिहून देत. एक ओळ वाढली की सगळं पुन्हा प्रोग्रॅमरकडे. पार्डो-लँडाऊंनी हिशेबनिसाला सूत्रं मनाला येतील तशी, कुठल्याही क्रमाने लिहू देणारी पद्धत बनवली. कोणतं सूत्र कोणावर अवलंबून आहे ते यंत्राने पाहावं आणि ज्याची पूर्वतयारी झाली ते आधी सोडवावं. लॅनपार हे तिचं नाव. बेल कॅनडा आणि एटी अँड टी यांच्यासारख्या दूरध्वनी कंपन्यांनी ती अंदाजपत्रकांसाठी वापरली.

ऑगस्ट 1970 मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला. पेटंट कार्यालयाने तो नाकारला. गणिती कृतीवर पेटंट मिळत नाही, हा त्यातला एक मुद्दा. प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं. 1982 मध्ये न्यायालयाने दोघांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑगस्ट 1983 मध्ये, अर्जानंतर तेरा वर्षांनी, पेटंट हाती आलं.

तोवर बाजार पुढे गेला होता. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचं, चौकटींच्या तक्त्यात आकडेमोड करणारं व्हिसिकॅल्क 1979 मध्ये अॅपल-2 वर आलं आणि दुकानदारापासून बँकरपर्यंत सगळ्यांनी ते उचलून धरलं. पण त्याची आकडेमोड एकतर आडव्या ओळींनी चाले नाहीतर उभ्या रकान्यांनी. वरच्या चौकटीला खालच्या चौकटीतली रक्कम लागत असेल तर पहिल्या फेरीत शिळा आकडा मिळे. मग उद्गारचिन्हाची कळ पुन्हा दाबायची आणि आकडे हलायचे थांबेपर्यंत दाबत राहायचं. जानेवारी 1983 मध्ये मिच केपॉर यांच्या कंपनीचं तसंच लोटस 1-2-3 आलं. त्यात ओळीने आणि रकान्याने यांच्या जोडीला तिसरा पर्याय होता, ‘नॅचरल’. यात अवलंबून असण्याच्या क्रमाने आकडेमोड चाले आणि तीच नेहमीची पद्धत होती.

1989 मध्ये पार्डो-लँडाऊंच्या पेटंटवर लोटस आणि इतर कंपन्यांविरुद्ध दावा दाखल झाला. न्यायालयात मात्र वादाचा रोख क्रम लावण्याच्या कृतीवरून भलतीकडेच गेला. पेटंट मिळवताना ज्यांची शपथपत्रं जोडली होती, त्यांच्यापैकी एकाने अर्जदारांच्या कंपनीत पूर्वी काम केलं होतं आणि ते कार्यालयापासून लपलं होतं. एवढ्यावर पेटंट अमलात आणण्याजोगं नाही असं ठरलं आणि 1996 मध्ये अपिलातही तोच निकाल कायम झाला. कोण कोणावर अवलंबून आहे हे नोंदवणाऱ्या शोधाचा घात, कोण कुणाकडे नोकरीला होतं याची नोंद न केल्याने झाला.

न लिहिलेलं नातं

क्रम लावणं ही आता संगणकाच्या डाव्या हाताची गोष्ट झाली आहे. फोन सुरू होताना कुठली सेवा आधी उठवायची, एक्सेलच्या कोणत्या चौकटीनंतर कोणती, हजारो फाइलींचा प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने बांधायचा, सगळीकडे आतून हीच शून्य आणि वजाबाकी किंवा तिची भावंडं चालतात.

माणसाकडे उरलं ते नातं सांगण्याचं काम. मेक लिहिलेल्या ओळींवर डोळे मिटून विश्वास ठेवतं. एखादी फाइल दुसरीवर अवलंबून आहे आणि तुम्ही ते लिहिलं नाही, तर यंत्र बिनदिक्कत जुना तुकडा जोडेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल. फेल्डमन यांनी जी योजना छाटली, तिचा एक भाग नंतरच्या कंपायलरांना उचलावा लागला. प्रोग्रॅम वाचता वाचता तेच अवलंबून असलेल्या फाइलींची यादी काढून देऊ लागले.

इंटरनेटवरून एकमेकांच्या सबरूटीन उसन्या घेण्याचं युग आलं तेव्हा याची दुसरी बाजू समोर आली. 22 मार्च 2016 रोजी एका प्रोग्रॅमरने नावावरून झालेल्या वादात एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक भांडारातून आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ होतं. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरून तो ठरलेल्या लांबीचा करायचा, एवढंच काम करणाऱ्या 11 ओळी. बॅबेलसारखी नावाजलेली साधनं दोन-तीन हातांपलीकडून त्याच्यावर उभी होती आणि जगभर प्रोग्रॅम बांधण्याची कामं अडली. दोन-अडीच तासांत भांडाराने तो तुकडा परत ठेवला. इथे क्रम चुकला नव्हता आणि नातंही लिहिलेलं होतं. यंत्राला सगळं ठाऊक होतं. ज्यांची कामं अडली त्यांतल्या बहुतेकांनी मात्र लेफ्ट-पॅडचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आठवडाभरात भांडाराने नियम बदलला. त्या नियमाने चोवीस तासांहून जुनं पॅकेज मालकाला आपल्या मर्जीने काढता येईना. आधी त्याच्यावर कोण उभं आहे ते तपासायचं, मग परवानगी. कान यांच्या 1962 च्या लेखात बाण पुढे जात होते, हे झालं की आता कोण. नव्या नियमाने तेच बाण उलटे वाचायला लावले, हे गेलं तर कोण पडेल. एडसॅकच्या काळी हे कुणी विचारायची गरजच नव्हती, कारण तिथे प्रत्येकाजवळ फितीची स्वतःची नक्कल असे.